घाट उतरायचा असेल तर आदल्या रात्री कागद, सकाळी फोन

कोल्हापुरातून कोकणात उतरायला मुख्य घाट सहा. उत्तरेकडून धरले तर आंबा, अणुस्कुरा, भुईबावडा, करूळ, फोंडा आणि आंबोली. जनावरांची औषधं पोचवायला मी इको व्हॅन घेऊन या सगळ्या घाटांतून जाते, भर पावसातही. आमच्या लाइनमध्ये नव्यानं आलेली पोरं विचारतात, "ताई, फोन असताना नकाशा कशाला?" दोन्ही लागतात, पण दोघांची कामं वेगळी. रस्ता कुठला धरायचा हे आदल्या रात्री घरात बसून कागदावर ठरवायचं. धरलेल्या रस्त्यावर वळण कुठं आणि गर्दी कुठं, हे फोनला विचारायचं.

आधी कागदाचं. फोन एक रस्ता देतो, फार तर दोन-तीन. नकाशा पसरला की सहाच्या सहा घाट एका नजरेत दिसतात, आणि एक बंद पडला तर दुसऱ्याकडे कुठून वळता येईल हेही कळतं. २०२४ मध्ये काँक्रीटीकरणासाठी करूळ घाट जवळजवळ वर्षभर बंद होता. वैभववाडीला जायचं तर भुईबावडा किंवा फोंडा. यातला फोंडा धरायचा असेल तर तो निर्णय कोल्हापुरातच घ्यावा लागतो, कारण राधानगरीचा रस्ता शहरातूनच वेगळा फुटतो. करूळ आणि भुईबावडा घाटांच्या माथ्यावरच्या गगनबावड्याला पोचून "आता काय?" म्हणण्यात अर्थ नाही.

गाडीत ठेवायला महाराष्ट्राचा घडीचा रस्ते-नकाशा पुरतो. घेताना छपाईचं वर्ष बघा. राष्ट्रीय महामार्गांचे नंबर २०१० मध्ये बदलले. जुन्या नकाशात पुणे-बंगळूर हायवे ४ नंबरचा आणि मुंबई-गोवा १७ नंबरचा असतो, बोर्डावर आता ४८ आणि ६६ दिसतात. जुना नकाशा असला तर नवे नंबर पेनानं लिहून घ्या, टाकून देऊ नका. एखाद्या भागात वारंवार जायचं असेल तर भारतीय सर्वेक्षण विभागाची १:५०,००० ची शीट बघाच. त्यात दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. उंचीच्या तपकिरी रेषा वीस-वीस मीटरच्या अंतरानं असतात. रस्ता जिथं या दाट रेषांमधून नागमोडी जातो तिथं उभा चढ, म्हणजे भरलेली गाडी दुसऱ्या गिअरवर. शीट बरीच जुनी असू शकते, पण डोंगर आणि ओढे जागचे हलत नाहीत.

मी नकाशावर सगळ्यात आधी पाणी बघते. रस्ता किती ठिकाणी नदी ओलांडतो ते पेन्सिलीनं गोल करून मोजते. आमच्या जिल्ह्यात नद्यांवर जागोजागी बंधारे आहेत आणि गावं त्यांच्यावरूनच ये-जा करतात. फोनमध्ये बंधारा सरळ रस्त्यासारखा दिसतो, जवळचा म्हणून पुढंही केला जातो. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पाणी तिथवर चढायच्या कितीतरी आधी बंधारे बुडालेले असतात. म्हणून जून ते सप्टेंबर बंधाऱ्यावरचा रस्ता धरायचाच नाही, मोठ्या पुलाचा धरायचा, दहा किलोमीटर जास्त पडले तरी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात तर शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली गेला होता. अशा वेळी पातळीची बातमी बघून मगच किल्ली हातात घ्या.

रस्ता ठरला की चिठ्ठी करा. पाठकोऱ्या कागदावर, मोठ्या अक्षरात, वाटेतली गावं एकाखाली एक. फोंडामार्गे कणकवलीची माझी चिठ्ठी अशी असते:

कोल्हापूर
हळदी
राधानगरी (पेट्रोल-हवा बघणे, फोन करणे)
दाजीपूर
घाट सुरू, लाइट लावणे
फोंडाघाट बाजार (कणकवली आणि नांदगाव, दोन रस्ते, कणकवलीचा बोर्ड बघणे)
कणकवली

यात किलोमीटर नाहीत, "उजवीकडे-डावीकडे"ही नाही. गावांची नावं क्रमानं डोक्यात असली की एसटीच्या पाट्या, शाळेचे फलक, दुकानांवरचे पत्ते सगळे तुम्हाला रस्ता सांगायला लागतात. राधानगरीनंतर दाजीपूरऐवजी भलतंच गाव आलं तर पाच मिनिटांत कळतं, तासाभरानं नाही. कडेचे दगडही वाचा. वरचा भाग पिवळा असला तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असला तर राज्य मार्ग. पाटीवर "प्रजिमा" म्हणजे प्रमुख जिल्हा मार्ग, "ग्रामा" म्हणजे ग्राम मार्ग. अनोळखी मुलखात रात्री ग्रामा दिसला की मी गाडी थांबवून चिठ्ठी परत बघते.

आता फोन. निघण्याआधी घरच्या वायफायवर त्या पट्ट्याचा नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या, निघायच्या आणि पोचायच्या दोन्ही जिल्ह्यांचा. पुष्कळांना वाटतं रेंज गेली की जीपीएस गेलं. तसं नाही. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून संकेत पाठवतात, त्याला मोबाईलचा टॉवर लागत नाही. टॉवर लागतो तो नकाशाचं चित्र आणि गर्दीची माहिती आणायला. चित्र आधीच फोनमध्ये असलं की दाजीपूरच्या जंगलातही ठिपका रस्त्यावर दिसतो. फक्त ठिकाण ठरवायला किमान चार उपग्रह दिसावे लागतात. घाटात एका बाजूला कडा उभा असला की आकाशाचा तुकडाच उरतो, मग ठिपका कधी खालच्या वळणावर उडी मारतो, कधी दरीत. तिथं पडद्याकडे बघू नका, समोरच्या रस्त्याकडे बघा.

सेटिंगमधल्या दोन गोष्टी तपासा. वाहन "कार"च निवडलंय ना? दुचाकी राहिलं असेल तर फोन तुम्हाला पाणंदीतून नेईल. आणि "टोल टाळा" चुकून चालू नाही ना?

त्यानंतर माझ्या मते सगळ्यात उपयोगाची गोष्ट. थेट शेवटचं ठिकाण टाकून मोकळे होऊ नका, मधला थांबा जोडा. कणकवली टाकली तर फोन त्या घटकेला वाटेल तो घाट देईल. मध्ये फोंडाघाट थांबा म्हणून टाकला की तो तुमच्या कागदावरचाच रस्ता धरतो. वाटेत "तीन मिनिटं वाचतील" म्हणून नवा रस्ता सुचवला तर नको म्हणा. तीन मिनिटांसाठी घाटमाथ्यावर आडवाटेला शिरायचं नाही. हायवेवर अपघातामुळे तास-दीड तासाची कोंडी दाखवत असेल तर गोष्ट वेगळी, तिथं फोनचं ऐकाच. ही माहिती कुठल्याही कागदावर नसते.

पत्ता टाकताना तालुका आणि जिल्हा वाचल्याशिवाय "सुरू करा" दाबू नका. नांदगाव नाशिक जिल्ह्यात आहे, कणकवली तालुक्यात आहे, अमरावतीकडे नांदगाव खंडेश्वर आहे. वडगाव तर विचारूच नका. वाडीवस्तीवर जायचं असेल तर ज्याच्याकडे जायचं त्याला अंगणात उभं राहून लोकेशन पाठवायला सांगा. गावाच्या नावावर टाकलेली खूण कधी ग्रामपंचायतीत नेऊन सोडते, कधी रानात.

फोन हातात धरायचा नाही, काचेखाली स्टँडवर लावायचा. शेजारी कोणी असेल तर चिठ्ठी त्याच्याकडे द्या.

आणि माणसांना विचारा, पण नेमकं विचारा. "रस्ता चांगला आहे का?" याला सगळे हो म्हणतात. मी विचारते, "या रस्त्यानं एसटी जाते का? आज सकाळची आली का?" एसटी येऊन गेली असेल तर माझी इको जाणार. राधानगरीत चहाच्या गाड्यावर मला एकदा उत्तर मिळालं होतं, "ताई, कणकवलीची अजून आली न्हाई बघा. घाटात कायतरी पडलंय." तेवढ्यावर मी गाडी बाजूला लावली, खाली फोंड्यात गिऱ्हाइकाला फोन केला. दरड खरंच आली होती आणि माझ्या फोनवर रस्ता निळाशार मोकळा दिसत होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या तुटक्या पुलावरून गाडी खाली पडून तिघांचा जीव गेला. पुरात पुलाचा पुढचा भाग वाहून गेला होता आणि नेव्हिगेशनमध्ये तो बदल आलेला नव्हता. पुढं रस्ता दिसतोय पण समोरून एकही वाहन येत नाही, असं झालं की थांबा. उतरून चार पावलं पुढं जाऊन बघा.

परत आल्यावर त्याच रात्री नकाशावर पेन्सिलीनं नोंद करा: कुठं काम चालू, कुठला पूल अरुंद, पंप कुठं उघडा होता. शेजारी महिना-साल लिहा. घडीच्या जागी कागद आधी फाटतो, तिथं मागून चिकटपट्टी लावून ठेवा. आणि नकाशा डिकीत नको, ड्रायव्हरच्या दारातल्या कप्प्यात ठेवा, पाणी शिरणार नाही अशा पिशवीत.