‘रॉकी’ प्रेमकथा म्हणून बघायचा तर

घरात कुणाला ठोसेबाजी बघवत नसेल, तर ‘रॉकी’ हा सिनेमा मुद्दाम त्यांच्यासोबत बघा. आमच्या वन्सं बॉक्सिंग म्हटल्यावर नकोच म्हणाल्या होत्या. मी त्यांना १९७६ चं मूळ पोस्टर दाखवलं. त्यात रॉकी आणि एड्रियन पाठमोरे आहेत, हातात हात घालून. मग बसल्या.

सिनेमा दोन तासांचा आहे. जेवणं उरकून, सलग वेळ काढून लावा. लढत कधी येते म्हणून पहिला तासभर पुढे पळवू नका, सगळा जीव त्यातच आहे. फिलाडेल्फियातला हा फुटकळ बॉक्सर सावकारासाठी वसुली करून पोट भरतो आणि पाळीव प्राण्यांच्या दुकानात खेपा घालतो. घरी दोन कासवं आहेत, त्यांच्या खाण्याचं निमित्त असतं. काउंटरमागे एड्रियन असते, तिला हसवायला तो कासवांसमोर विनोदाची तालीम करून येतो. ती जेमतेम एखादा शब्द बोलते. तेव्हा तुम्ही तिचे डोळे बघा. टालिया शायरला या कामासाठी ऑस्करचं नामांकन मिळालं, ते उगाच नाही.

बर्फावरचा प्रसंग आला की फोन बाजूला ठेवा. थँक्सगिव्हिंग या अमेरिकी सणाची रात्र आहे. एड्रियनचा भाऊ पॉली रागाच्या भरात ओव्हनमधली टर्की बाहेर फेकून देतो आणि तिला जवळजवळ घराबाहेर काढतो. रॉकी तिला बर्फावर स्केटिंग करायच्या रिंकवर नेतो, तर ते बंद झालेलं असतं. रॉकी तिथल्या माणसाला दहा डॉलर देऊन दहा मिनिटं विकत घेतो. ती स्केट घालून घसरते आणि हा साध्या बुटांनी तिच्या बाजूने पळत बोलत राहतो. तो माणूस मधूनमधून ओरडून किती मिनिटं उरली ते सांगतो. खरं तर इथे भरपूर गर्दी दाखवायचं ठरलं होतं, पण तेवढे पैसे नव्हते. आख्खा सिनेमाच सुमारे दहा लाख डॉलरमध्ये, २८ दिवसांत उरकलेला. मला वाटतं, गर्दी असती तर हा प्रसंग चारचौघांसारखा झाला असता. बापाने याला सांगितलेलं असतं, तुला डोकं नाही, अंग वापर. तिला आईने नेमकं उलटं. एवढं मोठं रिकामं रिंक आणि त्यात दोघांचं हे बोलणं!

त्यानंतरचा रॉकीच्या खोलीतला प्रसंग आज खटकतो. ती निघते म्हणते आणि तो दार अडवून उभा राहतो. तरुण मुलं सोबत असतील तर सिनेमा थांबवा आणि त्यावर बोला, त्या काळी असंच दाखवायचे म्हणून सोडून देऊ नका. तिथेच तो तिचा चष्मा काढतो, मग टोपी. टोपीचं हे लक्षात राहू द्या.

सरावाची दृश्यं, म्युझियमच्या पायऱ्या, बिल काँटीचं संगीत हे सगळं आपसूक अंगावर येतं, त्याला वेगळं काही करावं लागत नाही. मन लावून बघायची ती जगज्जेता अपोलो क्रीडशी होणाऱ्या लढतीच्या आदल्या रात्रीची खोली. तो येऊन तिच्याशेजारी आडवा होतो आणि कबूल करतो, मी त्याला हरवू शकत नाही. अपोलो क्रीडपुढे पंधरा फेऱ्या कुणीच टिकलेलं नाही, आपण शेवटच्या घंटेपर्यंत उभं राहायचं, एवढंच त्याला हवंय. जगातल्या कुणालाही तो हे सांगत नाही, फक्त तिला सांगतो.

लढत बघवत नसेल तर वन्संसारखं डोळ्यांवर उशी धरा, चालेल. एड्रियन स्वतःसुद्धा बराच वेळ आत, कपडे बदलायच्या खोलीत थांबलेली असते. पण शेवटची घंटा वाजली की उशी काढा आणि आवाज वाढवा. पंचांचा निकाल ऐकायचा प्रयत्न करा. विभागून दिलेल्या निकालात क्रीड जिंकतो, पण ती घोषणा गोंगाटात बुडते, कारण रॉकी सुजल्या डोळ्यांनी एड्रियनला हाका मारतोय. ती गर्दीतून वाट काढत येते, लाल टोपी वाटेतच पडते. ती जवळ आल्यावर तो आधी विचारतो, टोपी कुठंय?

दुसरा भाग त्याच रात्री लावू नका. १९७९ चा तो सिनेमा याच लढतीपासून सुरू होतो, पण त्यात दवाखान्यातल्या खाटेवरून एड्रियनच रॉकीला जिंकायला सांगते. मला पहिल्या भागातली एड्रियन जास्त जवळची वाटते. मध्ये आठवडाभर तरी जाऊ द्या.