बिनपंख्याचा टीव्हीखालचा पीसी बनवताय? या चुका टाळा

रात्री घरचे झोपलेत, आवाज कमी ठेवून सिनेमा बघताय, पडद्यावर अगदी शांत सीन चालूये आणि टीव्हीखालून पीसीचा घूंऽऽ ऐकू येतोय, हे ज्याला सहन होत नाही त्यानेच फॅनलेसच्या वाटेला जावं. कारण जमलं तर असं सुख नाही, पण पंखा काढला म्हणून उष्णता कमी होत नाही, तिला बाहेर जायला दुसरा रस्ता द्यावा लागतो, आणि बहुतेक चुका हा रस्ता न ठरवताच पार्ट घेतल्यामुळे होतात.

पहिली चूक म्हणजे प्रोसेसरच्या बॉक्सवरच्या वॅटवर विश्वास ठेवणं. उदाहरणार्थ एएमडीचा रायझन ५ ८६००जी बघा, त्यावर ६५ वॅट लिहिलंय, पण पूर्ण लोडवर तो ८८ वॅटपर्यंत खेचतो आणि आपला पॅसिव्ह हीटसिंक (पंख्याशिवाय उष्णता हवेत सोडणारा धातूच्या पट्ट्यांचा ठोकळा) मात्र आपण ६५ धरून घेतलेला असतो. बायॉसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, वीज कमी खेचणारा इको मोड शोधा आणि ४५ वॅटवर टाका, मग कमाल ६१ वॅटवर येते. सिनेमाला काडीचा फरक पडत नाही आणि गेममध्येही फार थोडा पडतो, कारण तिथे अडतं ते आतल्या ग्राफिक्सपाशी. ही एक सेटिंग केली तरी निम्मं काम झालं असं मी मानतो.

दुसरी चूक मी स्वतः केलीये आणि सगळ्यात जास्त त्रास तिनेच दिला. जानेवारीत पुण्यात पीसी जोडला, खोलीत २१ डिग्री, गेम लावला तर प्रोसेसर ७६ वर, मी खूश. मे महिन्यात दुपारी खोली ३७ वर गेली आणि तोच गेम तोच पीसी ९२ दाखवायला लागला. पॅसिव्ह कूलिंगमध्ये खोलीचं तापमान जेवढं वाढतं साधारण तेवढंच प्रोसेसरचं वाढतं, एवढं साधं गणित आहे, आणि हा प्रोसेसर ९५ ला स्वतःचा वेग कमी करायला लागतो. त्यामुळे थंडीत टेस्ट केली तर मिळालेल्या आकड्यात सरळ १५ ते २० मिळवा, नागपूर-अकोल्याकडचे असाल तर अजून जास्त, आणि तरीही ९० च्या आत राहिलं तरच पास म्हणा. टेस्टसुद्धा दहा मिनिटांची करू नका, एवढं जाडजूड ॲल्युमिनियम तापायलाच वेळ लागतो, त्यामुळे सुरुवातीचे आकडे फसवे असतात. निदान तासभर चालवा, तेही केसचं झाकण लावून.

आता टीव्ही युनिट. आपल्याकडे सुताराकडून करून घेतलेल्या युनिटमध्ये सेटटॉप बॉक्ससाठी खण असतो, मागे प्लाय, पुढे काच, वर फळी, आणि दिसायला छान म्हणून पीसी तिथेच सरकवतात. तिथे कितीही महाग हीटसिंक घाला, गरम हवा वर जाऊन फळीखाली कोंडणार. खालून गार हवा आत, वरून गरम हवा बाहेर, पॅसिव्हचं सगळं याच्यावरच चालतं, म्हणून केसला खाली आणि वर जाळी हवी आणि हीटसिंकच्या पट्ट्या उभ्या हव्यात म्हणजे हवा त्यांच्यामधून वर सरकते. नॉक्टुआ कंपनीच्या एनएच-पी१ या पॅसिव्ह हीटसिंकच्या पट्ट्या जाड आणि एकमेकींपासून लांब लांब याचसाठी ठेवल्यात. (तो जवळपास १.२ किलोचा आहे, घर बदलताना काढून वेगळा न्या, टेम्पोच्या धक्क्यात मदरबोर्ड वाचणार नाही.) पीसी युनिटच्या वर किंवा बाजूला उघड्यावर ठेवा, सीलिंग फॅनची झुळूक तिथे पोचली तर तीसुद्धा कामी येते.

प्रोसेसर थंड आहे तरी गेम अर्ध्या तासाने अडखळतोय? मग एसएसडीचं आणि मदरबोर्डच्या व्हीआरएमचं (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागाचं) तापमान बघा, एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये बहुतेक बोर्डांवर दोन्ही दिसतं. केसमधला पंखा प्रोसेसरसोबत यांनाही वारा घालत होता हे लक्षातच येत नाही. बोर्ड घेताना व्हीआरएमवर हीटसिंक आहे ना ते बघा, एसएसडीलाही लावा. आणि अडखळण्याऐवजी पीसी धाडकन बंदच पडत असेल तर पॉवर सप्लाय तपासा. फॅनलेस पॉवर सप्लायची जाळी वरच्या बाजूला ठेवायची असते, पण आजच्या केसमध्ये तो तळाला एका बंद कप्प्यात जातो आणि तिथे आतल्या आत उकडतो.

सगळे पंखे काढल्यावर एक बारीक किर्रर्र ऐकू येईल. ती कॉइल व्हाइन, म्हणजे वीज जाताना बोर्डावरच्या कॉइल थरथरून होणारा आवाज, आधीपासून होती, पंख्यांच्या आवाजात दबलेली. गेममध्ये फ्रेम रेट ६० वर बांधून ठेवला की बऱ्याचदा कमी होते आणि उष्णताही उतरते. हार्ड डिस्कची गुरगुर मात्र असल्या कशाने थांबत नाही, डिस्कच दुसऱ्या खोलीत नॅसवर (नेटवर्कवरून फाइल देणाऱ्या डब्यात) न्या.

ग्राफिक्स कार्ड हवंच असेल तर ७० वॅटच्या आसपास थांबा, पॅलिट कंपनीचं कल्मएक्स कार्ड त्याच वर्गातलं, त्यात एनव्हिडियाची आरटीएक्स ३०५० चिप, ६ जीबी मेमरी आणि पंखा नाही. त्याच्या वरचं घ्यायचं असेल तर फॅनलेसचा हट्ट सोडा आणि १४० मिमीचा एक मोठा पंखा ४०० आरपीएमवर फिरवा, दोन मीटरवर सोफ्यात बसून तो ऐकू येत नाही आणि केसमधलं तापमान बघाल तर लगेच पटेल.

कार्ड न घेता प्रोसेसरच्याच ग्राफिक्सवर खेळणार असाल तर रॅमची एकच पट्टी लावू नका, दोन लावा, बँडविड्थ (डेटा ये-जा करण्याचा वेग) दुप्पट होते आणि गेममध्ये डोळ्यांना फरक दिसतो. स्वस्तात जुना रायझन ५ ५६००जी घ्यायचा विचार असेल तर त्यात एव्ही१ या व्हिडिओ फॉरमॅटचा हार्डवेअर डिकोड (तो उलगडणारा वेगळा भाग) नाही, यूट्यूबचे ४के व्हिडिओ बऱ्याचदा एव्ही१ मध्येच येतात, मग सगळा भार प्रोसेसरवर पडून नुसता व्हिडिओ बघतानाही तो तापतो. मदरबोर्डचं एचडीएमआय १.४ असेल तर ४के फक्त ३० हर्ट्झवर मिळतं, निदान २.० बघूनच घ्या, आणि ६० हर्ट्झवर पडदा मधेच काळा होत असेल तर बाकी काही उघडण्याआधी केबल बदलून बघा.