गिटार दोन वर्षं तिथल्या तिथेच? या चुका टाळा

चाळिशीत गिटार हातात घेतलेल्या माणसाची पहिली दीड-दोन वर्षं मजेत जातात. सी, जी, ए मायनर, डी एवढ्या कॉर्डवर पंधरा-वीस गाणी बसतात, गणपतीत सोसायटीच्या कार्यक्रमात टाळ्याही पडतात. मग गाडी अडते. नवं गाणं घेतलं तरी जुन्यासारखंच वाजतं, एफ खरखरतो, आणि सोलो म्हटलं की हात गार. यावर बहुतेकांचं निदान तयार असतं: "सर, वय झालं हो" किंवा "माझी बोटंच जाड आहेत." दोन्ही बहुधा खोटं असतं. अडलेलं असतं भलतीकडेच, आणि ते न शोधता माणूस नवीन गिटारच्या किमती बघायला लागतो.

एफ लागत नाही म्हणून जोर वाढवणं

एफचा पूर्ण आकार, म्हणजे पहिलं बोट सहाही तारांवर आडवं, नीट बघा. पाचवी, चौथी आणि तिसरी तार बाकीची तीन बोटं धरतात. म्हणजे पहिल्या बोटावर जबाबदारी फक्त सहावी (सगळ्यात जाड), दुसरी आणि पहिली या तीनच तारांची. तरी आपण सहाही तारा चिरडायच्या इराद्याने दाबतो, अंगठा मागून पाना आवळल्यासारखा रुततो आणि दोन मिनिटांत हात भरून येतो. बोट सपाट न ठेवता अंगठ्याच्या बाजूला किंचित कलतं करा, फ्रेटच्या, म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या, पट्टीला अगदी खेटून ठेवा आणि एकेक तार छेडून बघा. खरखरणारी तार साधारणपणे बोटाच्या पेरावरच्या घडीत सापडलेली असते. बोट जरा वर-खाली सरकवलं की ती सुटते.

तरीही जमत नसेल तर गिटारकडे संशयाने बघा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा आणि तोच आकार एक फ्रेट पुढे धरा. एकदम सोपा झाला? मग दोष नटचा आहे, म्हणजे मानेच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीचा, त्याच्या खाचा उंच राहिल्यात. बाराव्या फ्रेटवर जाड ई तार फ्रेटपासून किती वर आहे तेही मोजा. अकूस्टिकवर अडीच मिलिमीटरच्या आसपास ठीक, तीनच्या वर असेल तर तुम्ही रोज उगाच कुस्ती खेळताय. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात लाकूड ओलावा धरतं, वरची फळी फुगते आणि अॅक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, वाढते, त्यामुळे जुलैत स्वतःला दोष देण्याआधी हे तपासाच. चांगल्या कारागिराकडून सेटअप करून घ्या आणि बाराच्या (जाड) तारा असतील तर दहाच्या (पातळ) लावून बघा. नव्या गिटारपेक्षा हे कितीतरी स्वस्तात होतं.

गाणं दर वेळी पहिल्यापासून सुरू करणं

अडतं अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीत, आणि आपण चुकलो की परत मुखड्यावर येतो. त्यामुळे मुखडा घोटून घोटून गुळगुळीत होतो आणि अडलेली जागा तशीच राहते. फक्त त्या दोन कॉर्ड घ्या. मेट्रोनोम मिनिटाला 60 ठोक्यांवर, प्रत्येक कॉर्डला चार ठोके, दुसरं काही नाही. अट एकच: डावा हात पोचो न पोचो, उजवा थांबणार नाही. चौथ्या ठोक्याच्या शेवटच्या अर्ध्या भागात डावा हात उचलून खुशाल निघा. तेवढ्यात उघड्या तारा वाजल्या तरी कानाला खटकत नाही, मुरलेले वादकही हेच करतात. खटकतो तो ठोका चुकलेला.

एकच स्ट्रमिंग सगळ्या गाण्यांना

डाऊन-डाऊन-अप-अप-डाऊन-अप. हा पॅटर्न आठ मात्रांच्या केरव्यात छान बसतो. पण आपल्याकडची भावगीतं, जुनी हिंदी गाणी यांतली बरीचशी दादऱ्यात आहेत, आणि सहा मात्रांच्या गाण्यावर तो लादला की काहीतरी लंगडतंय एवढंच जाणवतं, काय ते कळत नाही. गिटार बाजूला ठेवा, गाणं लावा, मांडीवर हात मारत "धा धी ना, धा ती ना" म्हणून बघा. बसलं की मग गिटार घ्या: समेला बासची तार एकटी, दुसऱ्या-तिसऱ्या मात्रेला खालच्या तारांवर हलके स्ट्रोक, चौथीला पुन्हा बास. तबला ऐकत वाढलेल्या माणसाला हे आतून माहीत असतं, गिटार हातात आली की तो ते विसरतो, एवढंच.

पेंटॅटॉनिकच्या चौकटीत गोल गोल फिरणं

पाचव्या फ्रेटवरचा ए मायनर पेंटॅटॉनिक, म्हणजे पाच स्वरांची चौकट, सगळ्यांना पाठ असतो. खालून वर, वरून खाली, आणि ऐकणाऱ्याला तो सराव वाटतो, संगीत नाही. कारण बोटांना जागा माहीत आहेत, पण कोणत्या जागेवर कोणता स्वर आहे हे कानाला माहीत नाही.

आता हे करून बघा. सहाव्या तारेचा आठवा फ्रेट, म्हणजे सी, हा सा माना. मग पाचवी तार, पाचवा फ्रेट रे. सातवा फ्रेट ग. चौथी तार, पाचवा प, सातवा ध. तिसऱ्या तारेच्या पाचव्यावर वरचा सा. ओळखीचं वाटलं? सा रे ग प ध, सरळ सरळ भूप. तीच चौकट, तेच फ्रेट. सा मात्र ए वर नेलात की तेच पाच स्वर कोमल ग-नी घेऊन धानी रागासारखे ऐकू येतात. आता ग वर थांबा, प वर थांबा, सरगम गुणगुणत वाजवा. तोंडाने जे म्हणता येत नाही ते बोटांनी वाजवायचं नाही, असा नियम आठवडाभर पाळा. वेग आपोआप कमी होईल. होऊ दे.

रोज नवा यूट्यूब धडा उघडायची सवय मात्र मोडा. मोबाइलवर स्वतःचं एक मिनिट रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐका, पुढचा धडा त्यातच सापडेल. ऐकताना लाज वाटते, मान्य.

आणि दुखण्याचं. बोटांची टोकं दुखणं चालतं, घट्टे पडले की थांबतं. मनगटात किंवा अंगठ्याच्या मुळाशी कळ येत असेल, हाताला मुंग्या येत असतील, तर तो रियाजाचा भाग नाही. गिटार खाली ठेवा, आणि दोन-चार दिवसांत उतरलं नाही तर डॉक्टरांना दाखवा.