जुन्या नेटबुकवर लिनक्स टाकताय? आधी या चुका टाळा

दिवाळीच्या आधी माळा आवरायला काढला की दरवर्षी काहीतरी निघतंच, या वेळी आमच्या ऐरोलीच्या घरी निघालं माझं कॉलेजातलं नेटबुक, म्हणजे छोटासा लॅपटॉप. दहा इंची स्क्रीन, ॲटम एन२७० प्रोसेसर, एक जीबी रॅम, १६० जीबीची हार्ड डिस्क आणि झाकणावर अजून चिकटून बसलेला गणपतीचा स्टिकर. बायको म्हणाली भंगारवाल्याला देऊन टाक, मी म्हटलं थांब, लिनक्स टाकतो, विंडोजसारखीच पण फुकटातली सिस्टिम, बघ कसं पळतं ते. पुढचे तीन रविवार त्यातच गेले. शेवटी ते चाललं, आणि चाललं हे घरात सगळ्यांना सांगत सुटलो ही माझी खरी चूक, कारण लगेच कळव्याहून काका त्यांच्या सोसायटी ऑफिसातलं नेटबुक पिशवीत घालून घेऊन आले आणि पाठोपाठ नेरूळच्या एका मित्राचं तिसरं आलं.

तिन्ही मशीनवर मी वेगवेगळ्या चुका केल्या पण मूळ एकच. मशीन नक्की कुठं अडतंय ते न बघताच आपण हात घालतो, आज डिस्ट्रो (लिनक्सचा तयार प्रकार) बदल, उद्या ड्रायव्हर टाक, परवा परत फॉरमॅट, आणि मग लिनक्सला शिव्या.

सगळ्यात वरचं डाउनलोड बटण

आपण सवयीनं साइटवरचं सगळ्यात मोठं बटण दाबतो, त्यातून येणारी आयएसओ (इन्स्टॉल करायच्या सिस्टिमची अख्खी फाइल) ६४ बिटची असते, आणि २००८-०९ च्या ढीगभर नेटबुकांत असलेला एन२७० हा ३२ बिटचाच प्रोसेसर आहे. पेनड्राइव्ह लावला की काळ्या स्क्रीनवर एक ओळ येते, या कर्नलला एक्स८६-६४ सीपीयू लागतो आणि इथे फक्त आय६८६ सापडला, म्हणजे पाहिजे ६४ बिटचा आणि आहे ३२ चा, बस्स, पुढे काही नाही. मी काय केलं? पेनड्राइव्ह खराब असणार म्हणून दुसरा आणला, मग तिसऱ्यांदा आयएसओ लिहिली, मग बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, जाऊन दिसेल ते बदललं. ती एक ओळ नीट वाचायला मला दीड तास लागला राव. मशीनवर जुनं कुठलं लिनक्स आधीच असेल तर टर्मिनलमध्ये एलएससीपीयू ही कमांड मारा, पहिल्या दोन-चार ओळींतच ३२ का ६४ ते कळतं.

बरं ३२ बिट घ्यायचं ठरवलं तरी आता दुकान छोटं झालंय. उबुंटूनं १७.१० पासूनच ३२ बिटची डेस्कटॉप आयएसओ बंद केली. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ला ३२ बिटचा इन्स्टॉलरच नाही. म्हणजे डेबियन १२ किंवा त्याच्यावर बेतलेलं काहीतरी बघायचं, अँटीएक्स २३, एमएक्स २३, क्यूफोरओएस असं. लिनक्स मिंटची डेबियनवाली सहावी आवृत्ती पण ३२ बिटमध्ये निघाली होती, पण त्यात सिनॅमन डेस्कटॉप आहे आणि एक जीबीवर सिनॅमन म्हणजे स्कूटीवर फ्रिज. मी माझ्यावर अँटीएक्स टाकलं, त्यात आइसडब्ल्यूएम हा खिडक्या सांभाळणारा साधा विंडो मॅनेजर, चालू झाल्यावर दोनशे-अडीचशे एमबीच्या आसपास रॅम खातं. काकांना स्टार्ट मेनूसारखं काहीतरी दिसलं पाहिजे होतं म्हणून त्यांना एमएक्स, एक्सएफसीई डेस्कटॉपवालं.

२०१० च्या एन४५० पासून पुढचे बरेच ॲटम ६४ बिटचे आहेत, पण रॅम एक जीबीच असेल तर तिथेही ३२ बिटच घ्या, तेवढीच रॅम वाचते.

आणि कृपा करून आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी पेस्ट करू नका, ती एचरनं लिहावी लागते, नाहीतर पेनड्राइव्हवर आधी व्हेंटॉय बसवावं लागतं. हे सांगायला नको असं मलाही वाटायचं, मित्राला भेटेपर्यंत. दुसरं म्हणजे पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवून मशीन स्लो आहे असं ठरवू नका, यूएसबी २ च्या नळीतून अख्खी सिस्टिम ओढल्यावर कोण पळेल.

मशीन अजून २००९ मध्येच आहे

हे मला सगळ्यात जास्त नडलं. इन्स्टॉल झालं, नेट लागलं, अपडेट मारलं तर एरर, रिलीज फाइल अजून व्हॅलिड झालेली नाही. ब्राउझर उघडला तर प्रत्येक साइटवर कनेक्शन सुरक्षित नाही. मी मिरर (अपडेट जिथून उतरतात ते सर्व्हर) बदलले, राउटर बंद-चालू केला, नेटवाल्याला फोन लावून त्याच्यावर चिडलोसुद्धा, आणि मग सहज कोपऱ्यातल्या घड्याळावर नजर गेली, १ जानेवारी २००९. दहा-बारा वर्षं माळ्यावर पडलेल्या मशीनचा बायोसचा सेल मेलेलाच असतो, प्लग काढला की तारीख परत मागे जाते. आता मशीनच्या मते आज २००९ असेल तर आजच्या साइटचं सर्टिफिकेट त्याला भविष्यातलं वाटणार, मग ते नाही म्हणणारच ना. तारीख हातानं नीट केली आणि दोन मिनिटांत सगळं सुरळीत.

सेल बहुतेक सीआर२०३२ असतो, कुठल्याही घड्याळजीकडे मिळतो, फक्त बऱ्याच नेटबुकांत तो खोबणीत नसून प्लास्टिकमध्ये गुंडाळून दोन बारीक वायरींनी बोर्डाला जोडलेला असतो, साधा सेल आणून बसणार नाही, वायरवालाच मागा.

“अरे, तुझ्या लिनक्सला वायफायच दिसत नाही”

हे काकांचं वाक्य, फोनवर, सकाळी सात वाजता. मी म्हटलं काका, परवा तर चालत होतं. “चालत असेल तुझ्याकडे, इथे नाही चालत.” मग मी रविवारी ऐरोलीहून ठाण्याला, तिथून मागे कळव्याला. फर्मवेअर (वायफाय कार्डाला लागणारं सॉफ्टवेअर) शोधलं, पॅकेज काढून परत टाकलं, दोन तास. शेवटी आरएफकिल लिस्ट ही कमांड मारली तर त्यात स्पष्ट लिहिलेलं, हार्ड ब्लॉक्ड, यस. काही नेटबुकांच्या पुढच्या कडेला, जिथे मनगट टेकतं त्याच्या बरोबर खाली, नखाएवढी सरकपट्टी असते, तिनं वायफाय सरळ वायरीतूनच बंद होतं आणि सॉफ्टवेअरनं कितीही डोकं आपटलं तरी चालू होत नाही. काकूंनी ओल्या फडक्यानं पुसताना ती सरकली होती. काकू म्हणाल्या, “मला काय माहीत, मी तर धूळ काढत होते.”

सॉफ्ट ब्लॉक्ड यस आलं तर मात्र ते कमांडनं किंवा फंक्शन कीनं सुटतं.

घरचं नेटवर्क लिस्टमध्येच येत नाही पण शेजाऱ्यांची पन्नास दिसतात असं असेल तर ते बहुधा ५ गिगाहर्ट्झचं आहे, जुन्या नेटबुकांची कार्डं बहुतेक फक्त २.४ वाली. राउटरमध्ये २.४ चालू करा. आमच्यासारख्या दाटीच्या बिल्डिंगमध्ये २.४ वर इतकी गर्दी असते की स्पीडची अपेक्षा ठेवू नका, पण मेल आणि बातम्यांना पुरतं.

मित्राच्या मशीनमध्ये ब्रॉडकॉमचं ४३१२ कार्ड होतं, त्याला बी४३ चं फर्मवेअर लागतं आणि ते आयएसओमध्ये येत नाही, नेटवरून उतरवावं लागतं, म्हणजे वायफायसाठी नेट पाहिजे आणि नेटसाठी वायफाय. यावर सोपा उपाय म्हणजे मोबाइल यूएसबी केबलनं लावा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा, लिनक्स त्याला लॅन कार्डासारखं लगेच उचलतं. लॅनची केबल शोधत घर उलथंपालथं करायची गरज नाही.

स्लो म्हणजे नक्की काय स्लो

एचटॉप हा सीपीयू आणि रॅम किती वापरात आहे ते दाखवणारा प्रोग्राम टाका आणि तो उघडा ठेवून तुमचं नेहमीचं काम करा. सीपीयूचे पट्टे पूर्ण भरलेत पण रॅम शिल्लक आहे, तर प्रोसेसर कमी पडतोय, त्यावर पैसे खर्च करून काही होणार नाही, काम हलकं करा. रॅम भरली, स्वॅपचा (रॅम संपली की डिस्कवर वापरली जाणारी जागा) आकडा चढतोय आणि हार्ड डिस्कचा दिवा थांबतच नाहीये, तर रॅम कमी पडतेय. आणि रॅम मोकळी, सीपीयू पण निवांत, तरी प्रोग्राम उघडायला चहा होईल एवढा वेळ लागतोय, तर डिस्क.

माझ्याकडे दुसरा प्रकार होता. ब्राउझरचा चौथा टॅब उघडला की माउसचा बाणसुद्धा गोठायचा, मग पॉवर बटण दाबून बंद करायचं, हेच रोज. त्यावर पैसे न घालता दोन गोष्टी केल्या. एक झेडरॅम, म्हणजे रॅमचाच एक भाग कॉम्प्रेस करून स्वॅप म्हणून वापरायचा, हार्ड डिस्कवर जाण्यापेक्षा हे कितीतरी फास्ट, डेबियनमध्ये झेडरॅम टूल्स नावाचं पॅकेज आहे, मी निम्म्या रॅमएवढं ठेवलं. दुसरं अर्लीऊम, हा बारका प्रोग्राम रॅम संपत आली की सगळ्यात जास्त खाणाऱ्याला आधीच मारून टाकतो. टॅब मरतो पण मशीन जगतं. स्वॅप अजिबातच बंद करा असं सांगणारे लोक भेटतात, त्यांचं एक जीबीवर ऐकू नका.

काकांच्या मशीनला रॅम वाढवायची ठरलं, मग ठाण्याहून फास्ट लोकलनं दादर आणि तिथून वेस्टर्न पकडून ग्रँट रोडला, लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात. इथे माझी चूक, मी दुकानदाराला फक्त “नेटबुकची दोन जीबी द्या” म्हटलं आणि त्यानं डीडीआर३ हातात ठेवली. एन२७० ला लागते डीडीआर२, दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते, बसतच नाही, जोर लावला तर स्लॉट जाईल. एन४५५ ला डीडीआर३ चालते, म्हणून गोंधळ होतो. जुनी रॅम काढून खिशात घेऊनच जा, सरळ काम. स्लॉट बहुतेक एकच असतो आणि एन२७०, एन४५० ला दोन जीबीच्या वर चालत नाही, चार जीबी घेऊन पैसे वाया घालवू नका. काही मॉडेलात अर्धा जीबी बोर्डावरच सोल्डर केलेली असते, तिथे दीड जीबीवर गाडी थांबते.

साटाची जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली तर फरक डोळ्यांना दिसतो, पण तो उघडण्याच्या वेळेत. व्हिडिओ त्यानं सुधारत नाही. घरात पडलेली जुनी एसएसडी असेल तर लावा, नवीन विकत घेण्याएवढी या मशीनची लायकी नाही असं माझं प्रामाणिक मत आहे.

ब्राउझरचं थोडक्यात. क्रोमनं ३२ बिट लिनक्स २०१६ मध्येच सोडलं. फायरफॉक्सची १४४ ही ३२ बिट लिनक्ससाठीची शेवटची आवृत्ती, ईएसआर १४० या जास्त काळ अपडेट मिळणाऱ्या आवृत्तीला मात्र सप्टेंबर २०२६ पर्यंत तरी अपडेट देऊ असं मोझिलानं सांगितलंय, म्हणून ईएसआरच घ्या आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन टाका, जाहिराती गेल्या की निम्मा भार गेला. बँकेचे व्यवहार यावर करू नका. यूट्यूब ३६० पीच्या वर नको, आणि ब्राउझरऐवजी एमपीव्ही या व्हिडिओ प्लेअरमध्ये लावा. एक्सएफसीई असेल तर विंडो मॅनेजर ट्विक्समधला कंपोझिटर बंद करा, सावल्या गेल्यानं काही बिघडत नाही.

ओके बटण गेलं कुठं

१०२४ बाय ६०० ची स्क्रीन, आणि आजकालच्या सेटिंगच्या खिडक्या त्याहून उंच. काका इन्स्टॉलरसमोर अर्धा तास बसून होते कारण पुढे जा म्हणणारं बटण स्क्रीनच्या खाली होतं. ऑल्ट दाबून ठेवा आणि खिडकीत कुठंही माउसनं पकडून वर ओढा, बटण वर येतं. ही एक युक्ती कागदावर लिहून काकांच्या नेटबुकला चिकटवलीय. खालचा पॅनेल उचलून डाव्या बाजूला उभा लावा, उंचीच कमी आहे तर ती वाया कशाला घालवायची.

मराठीचे चौकोन

हलक्या डिस्ट्रोत देवनागरी फॉन्ट नसला की मराठी साइटवर नुसते चौकोन दिसतात, लोहित किंवा नोटोचं पॅकेज टाका. टायपिंगसाठी सगळे आयबस हा वेगळा प्रोग्राम सांगतात, पण इनस्क्रिप्ट हा देवनागरी कीबोर्ड येत असेल तर कीबोर्डच्या सेटिंगमध्येच भारतीय लेआउट जोडून ऑल्ट शिफ्टनं बदलता येतो, मागे काही चालू ठेवावं लागत नाही. लिब्रे ऑफिसमध्ये भाषेच्या सेटिंगमध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू करा, नाहीतर मराठीचा फॉन्ट बदलायची जागाच सापडत नाही.

काकांच्या जुन्या नोटिसा उघडल्या तर सगळी अगम्य अक्षरं. “बिघडवलंस ना?” नाही काका, त्या युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या होत्या, तो फॉन्ट मशीनवर नसेल तर विंडोजमध्येही तेच दिसेल. शेवटी पाण्याच्या टाकीच्या सफाईची नोटीस त्यांनी नव्यानं टाइप केली.

राहिलं मित्राचं. त्याचं २०११-१२ चं, एन२६०० वालं, प्रोसेसर ६४ बिट पण बायोस ३२ बिटच्या पुढे जाऊ देईना, आणि ग्राफिक्स पॉवरव्हीआरचं, लिनक्समध्ये त्याला चित्र दिसण्यापुरता ड्रायव्हर आहे, थ्रीडी नाही. मी दोन रविवार त्यावर घालवले ते घालवायला नको होते. त्यात त्यानं कुठलातरी सगळ्यांना चालणारा चार्जर आणलेला. एकट्या असूसच्या ई पीसी नेटबुकांच्याच मॉडेलांत ९.५, १२ आणि १९ व्होल्ट असे तीन प्रकार आहेत, खालचं लेबल न वाचता पिन बसली म्हणून लावू नका. आता ते डेस्कटॉपशिवाय, झाकण मिटून त्याच्या टीव्हीखाली पडलेलं असतं, गाण्यांचा सर्व्हर म्हणून, आणि त्याच्या आईला वाटतं तो सेटटॉप बॉक्स आहे.