ओढाताणीच्या दिवसांत छंद कसा शोधायचा

मी परभणी जिल्ह्यातल्या सेलूत राहते. घरीच ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. लग्नसराई संपली की मशीन थंडावतं, आणि पेरणीच्या दिवसांत तर गिऱ्हाईक दारात येतच नाही, कारण सगळ्यांचा पैसा बी-खतात गेलेला असतो. त्या दिवसांत वेळ भरपूर, पण डब्यात पैसा नसतो. आसपासच्या बाया तेव्हा विचारतात, "ताई, मन कशात रमवावं?" त्यांना जे सांगते तेच इथं सविस्तर लिहिते.

पहिला महिनाभर काहीही विकत आणू नका. रंगपेटी, लोकरीचे गुंडे, शिकवणीची फी हे सगळं नंतर बघता येतं. "घरबसल्या छंदातून कमवा" म्हणत आधी नोंदणीचे पैसे मागणाऱ्या जाहिराती मोबाइलवर येतात, त्यांच्या वाटेला जाऊच नका. आणि छंद विकायचा विचार सुरुवातीला मनातही आणू नका. शिवण माझं पोट आहे, म्हणून सांगते: ज्या कामाला गिऱ्हाईक असतं, त्याला तारीख असते आणि नावंही ठेवली जातात. छंदाला ह्यातलं काही नको.

मग निवडायचं कसं? मी एवढंच बघते की आज उठताना उद्यासाठी काही उरलं का. अर्धी राहिलेली शिवण, लिहायची राहिलेली ओवी, उद्या कुठं सरकतो ते बघायचा तारा. असं काही उरलं की दुसऱ्या दिवशी आपण आपोआप तिथं जाऊन बसतो. मोबाइलवर दोन तास व्हिडिओ बघून उठलं तर उद्यासाठी काही उरत नाही. वेळ जातो, पण जीव रमत नाही.

वेळ कुठून काढायचा, हा बायांचा खरा प्रश्न. माझं उत्तर असं की वाट बघण्याचा वेळ हेरा. आमच्या भागात नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी यायचं त्या दिवशी घर सोडता येत नाही, कान नळाकडं ठेवून बसावं लागतं. तो वेळ हातातल्या कामाला चांगला. रात्री लाइट गेली तर तो वेळ आभाळाचा.

वाकळ

वाकळ म्हणजे गोधडी. खर्च एक मोठी सुई आणि दोऱ्याचं रीळ. घरात एकही जुनं लुगडं नाही असं आमच्या इकडं घर नसेल. खाली एक सुती लुगडं अंथरायचं, त्यावर विटलेल्या चादरी, धोतरं, परकर शिवणी उसवून सपाट करून पसरायचे आणि वरून दुसरं लुगडं घालायचं. चारी कोपऱ्यांवर विटा ठेवा म्हणजे थर हलत नाहीत. आधी लांब टाक्यांची कच्ची शिवण घालून घ्या. मग कडेपासून धावदोरा सुरू करायचा आणि एकेक फेरी आत आत नेत मध्यावर यायचं. दोन ओळींत बोटभर अंतर पुरे. आत सिंथेटिक साडी घालू नका, ती सरकते आणि धुतल्यावर गोळा होते. वर रंगासाठी लावायची असेल तर चालते. दिवसभर मशीनवर बसणाऱ्या मला वाकळीची शिवण वेगळी वाटते, कारण इथं माप नाही आणि घाई नाही. कोपऱ्यावर शेजारीण येऊन बसली तर आणखी बरं.

ओव्या गोळा करणं

हा माझा सगळ्यांत लाडका छंद आहे, म्हणून थोडं जास्त लिहिते. साठी-सत्तरीच्या पुढच्या ज्या बाया तुमच्या घरात, गल्लीत आहेत, त्यांनी जात्यावर दळलेलं आहे. त्यांच्या पोटात शेकडो ओव्या आहेत आणि त्या कोणी विचारत नाही. पण "आजी, ओव्या म्हणा" असं समोर बसून म्हटलं की त्या लाजतात, म्हणतात, "आता कुठं आठवतंय माय." त्याऐवजी विचारा, "पहाटं जात्यावर बसल्यावर पहिली कोणाची गायची?" पहिल्या ओव्या देवाच्या असतात, मग आई-बापाच्या, मग भावाच्या. भावावर आल्या की थांबत नाहीत. घरात जातं असेल तर मूठभर ज्वारी घालून खरंच फिरवायला लावा. हात फिरला की शब्द येतात, नुसतं बसून येत नाहीत. जातं नसेल तर हातात वाती वळायला द्या, नाहीतर सुपात निवडायला धान्य द्या.

मोबाइलवर आवाज टिपताना फोन येऊ नये म्हणून विमान-मोड लावा. मग घरी येऊन वहीत उतरवा. बाईचं नाव, तिचं माहेर, सासर आणि तारीख आधी लिहायची. माहेर महत्त्वाचं, कारण बहुतेक ओव्या तिथंच शिकलेल्या असतात. ती जशी बोलली तशीच लिहा, शुद्ध करायला जाऊ नका. एक ओवी जिंतूरकडच्या बाईनं वेगळी म्हटलेली असते आणि पाथरीकडच्या बाईनं वेगळी, आणि ती जुळवून बघण्यातच गोडी आहे. दुसऱ्या कोणाला ऐकवायची असेल तर तिला विचारूनच ऐकवा, कारण सासुरवासाच्या ओव्यांत घरातल्या माणसांची नावं असतात.

हे काम किती मोलाचं आहे ते सांगते. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायांकडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करवल्या. तुमच्या गल्लीतल्या आजीची ओवी त्यात असेलच असं नाही. ती गेली तर तिच्याबरोबर ओवीही जाईल.

आभाळ

पुण्या-मुंबईच्या माणसाला जे आभाळ बघायला गाडी करून यावं लागतं, ते आपल्या गच्चीवर आहे. दिवाळीनंतर होळीपर्यंत हवा स्वच्छ असते. अमावास्येच्या जवळपासची रात्र धरा आणि डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीसेक मिनिटं द्या. मोबाइल उघडू नका.

सुरुवात ध्रुवापासून करा. उत्तरेकडं तोंड करून हात सरळ पुढं ताठ धरा आणि मूठ वळा. क्षितिजावर मुठीवर मूठ अशा दोन मुठी ठेवल्या की त्याच्या आसपास ध्रुव सापडतो, कारण ताठ हाताची मूठ साधारण १० अंशांची असते आणि आपण सुमारे १९ अक्षांशावर आहोत. उन्हाळ्यात सप्तर्षी वर आलेले असतात, तेव्हा त्यांच्या चौकोनात शेपटीपासून लांबच्या बाजूला असलेल्या पुलह आणि क्रतू या दोन ताऱ्यांची रेघ क्रतूच्या पुढं पाचपट न्या, ती ध्रुवाजवळ जाते. हिवाळ्यात संध्याकाळी मृग बघा. ओळीतले तीन तारे कोणालाही सापडतात. त्या रेघेच्या एका टोकाकडं लखलखीत व्याध, दुसऱ्या टोकाकडं तांबूस रोहिणी आणि त्याही पुढं कृत्तिकांचा पुंजका.

शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला इथं एक प्रश्न पडतोच. मृगाचा पाऊस जूनमध्ये येतो, मग मृग हिवाळ्यात कसा दिसतो? जूनमध्ये सूर्यच मृग नक्षत्रात असतो. मृग सूर्याबरोबर उगवतो, त्याच्याबरोबर मावळतो, म्हणून उजेडात दिसत नाही. आपण नक्षत्रं धरून पेरणी करतो, पण पेरणीच्या वेळी ते नक्षत्र कधीच डोळ्यांना दिसत नाही. मला हे कळलं तेव्हापासून वहीत महिन्यागणिक टिपते की संध्याकाळी डोक्यावर कोणता तारा आहे. अशी एक वही तुम्हीही करा.

घरातल्या पोरांसाठी नवकंकरी आहे. खडूनं फरशीवर एकात एक तीन चौकोन काढा आणि बाजूंचे मध्य चार रेघांनी जोडा, म्हणजे २४ जागा होतात. दोघांकडं नऊ-नऊ सोंगट्या. माझ्याकडं उरलेली बटणं असतात, चिंचोकेही चालतात. आळीपाळीनं मांडायच्या आणि सगळ्या मांडून झाल्या की रेघेवरून शेजारच्या जागी सरकवायच्या. एका रेघेत तीन आल्या की समोरच्याची एक उचलायची. ज्याच्या दोनच उरतात तो हरला. जुन्या देवळांच्या, किल्ल्यांच्या दगडांवर हाच पट कोरलेला सापडतो.

वाचनाचं थोडक्यात. गावातल्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन वर्गणी आणि अनामत विचारा. अनामत परत मिळते. घरीच वाचायचं तर मराठी विश्वकोश इंटरनेटवर फुकट आहे.

फुकटचा छंद म्हणून जो तो बागकाम सुचवतो. मराठवाड्यात मी ते जपून सांगते. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते आपण विसरलो नाही. मृगाचा पाऊस पडल्यावर तेलाच्या डब्याला खाली भोकं पाडून स्वयंपाकघरातले धणे रगडून, दोन फाका करून पेरा, मेथी पेरा. भाजी धुतलेलं पाणी पुरतं. फाल्गुनात डबे उपडे करून ठेवा आणि पाऊस येईपर्यंत विसरा.

बारव बघायला जाणं

महिन्याकाठी थोडे पैसे निघत असतील तर ते एसटीच्या तिकिटाला ठेवा. १७ मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरच्यांना पूर्ण फुकट, म्हणजे सासूबाईंनाही नेता येतं. आमच्या तालुक्यात वालूरला चक्राकार पायऱ्यांची बारव, म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर आहे, पायऱ्या गोल फिरत पाण्यापर्यंत उतरतात. जिंतूर तालुक्यात चारठाण्याला जुनी देवळं आणि बारव दोन्ही आहेत. तुमच्या भागातही अशी एखादी असेल, गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा. जाताना वही न्या. एकेका बाजूच्या पायऱ्या मोजा, कोनाडे किती आणि त्यांत काय आहे ते टिपा, वरून बारवेचा आराखडा काढा. चित्रकला यायची गरज नाही, पायऱ्यांच्या जागी रेघा पुरतात. भाकरी बांधून न्या. पावसाळ्यात मात्र पायऱ्यांवर शेवाळ असतं, तेव्हा काठावरूनच बघा, आणि लेकरं बरोबर असतील तर कोणत्याही ऋतूत त्यांचा हात सोडू नका.