सायीवाचून आंबा: खान्देशी उन्हाळ्यातले हलके गोड पदार्थ

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापरावरचे मांडे, वाटीभर रस आणि रसावर तुपाची धार हवीच. त्यात काटकसर करू नये. प्रश्न त्यानंतरच्या दीड महिन्याचा आहे. जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर असतो, घरात पेटीभर आंबे पिकत असतात आणि रोज काहीतरी गार-गोड हवं असतं. अशा वेळी हात पाकिटातल्या क्रीमकडे जातो. २०० मिलीच्या पाकिटात २५ टक्के स्निग्धांश धरला, तर ५० ग्रॅम निव्वळ चरबी आंब्यात पडते. पोट जड होतं हे एक. त्याहून मोठं नुकसान चवीचं होतं. आंब्याचा सुगंध स्निग्ध पदार्थात अडकून राहतो आणि तोंडात उशिरा मोकळा होतो, आंबटगोड टोकही बोथट होतं. चांगला केशर आंबा क्रीममध्ये घातला की तो कोणत्याही आंब्यासारखा लागतो.

क्रीम पदार्थात तीन कामं करतं: घट्टपणा देतं, मऊपणा देतं आणि गोठवताना बर्फाचे मोठे खडे होऊ देत नाही. ही तिन्ही कामं करणाऱ्या वस्तू खान्देशात घरोघरी असतात. गोठवायला आणि मऊपणाला केळी, घट्टपणाला चक्का आणि दादर ज्वारीचं पीठ.

आधी आंबा

पिकलेले आंबे अर्धा ते एक तास पाण्यात ठेवा. देठाकडचं टोक कापून पहिले दोन-तीन थेंब टाकून द्या. तो चीक असतो आणि रसाला कडवटपणा बहुतेक वेळा त्याचाच येतो. उरलेला कडवटपणा साल खरवडून आणि कोय फार घासून आणलेला असतो. शेवटचा चमचाभर रस काढायच्या नादात सगळं भांडं बिघडतं.

१ किलो केशरमधून साधारण ५५० ते ६०० ग्रॅम गर निघतो. गावरान आंब्याचा ४०० ते ४५० ग्रॅमच, पण सुगंध दुप्पट. त्याला रेषा फार असतात म्हणून तो मिक्सरमध्ये फिरवू नका, पुरणयंत्रातून काढा. मिक्सर रेषा तोडून रसातच मिसळतो, मग त्या गाळूनही निघत नाहीत. केशर चक्क्यासाठी उत्तम. बदाम आंबा बिनरेषांचा आणि भरपूर गराचा, चवीला सौम्य. फोडी गोठवायला तोच परवडतो. लंगडा पिकला तरी हिरवाच दिसतो, त्यामुळे रंगावर न जाता देठापाशी वास घेऊन बघा. बाहेरून एकसारखा पिवळाधमक आणि कापल्यावर कोयीजवळ पांढरट, आंबट निघाला, तर तो घाईने पिकवलेला आहे. त्यात साखर वाढवून उपयोग होत नाही. तो मेथांब्याला वापरा.

केळी-आंब्याचं आइस्क्रीम

क्रीमशिवाय नुसता आंब्याचा रस गोठवला की दगड होतो, कारण रसात पाणी जास्त आणि ते पाणी मोठ्या स्फटिकांत गोठतं. पिकलेल्या केळ्यात पाणी धरून ठेवणारं पेक्टिन आणि भरपूर साखर असते, म्हणून गोठलेलं केळं फिरवलं की ते लोण्यासारखं मऊ होतं. रावेर-यावलच्या पट्ट्यात केळी तर बाराही महिने हाताशी असते.

चार जणांसाठी आंब्याच्या फोडी ३०० ग्रॅम, सोललेली केळी २०० ग्रॅम (मध्यम दोन), चक्का १०० ग्रॅम, साखर किंवा मध १ टेबलस्पून, लिंबाचा रस १ चमचा, चिमूटभर मीठ. केळं पिवळं, अंगावर बारीक तपकिरी ठिपके आलेलं घ्या. हिरवट केळ्याने तोंडाला तुरटपणा येतो. काळं पडलेलं केळं आंब्याला पार झाकून टाकतं. केळ्याचं प्रमाणही दोनास तीन आंबा याच्या पुढे नेऊ नका, नाहीतर आंब्याचं नव्हे, केळ्याचं आइस्क्रीम होतं.

केळं सोलून, अर्ध्या इंचाच्या चकत्या करून, लिंबाचा रस चोळून गोठवा. सालीसकट गोठवलं तर साल सुरीनेही निघत नाही, आणि लिंबाविना चकत्या काळ्या पडतात. आंब्याच्या फोडी आणि चकत्या ॲल्युमिनियमच्या ताटलीत एकमेकींना न चिकटतील अशा पसरा. ॲल्युमिनियमची गारठा ओढण्याची क्षमता चांगली, त्यामुळे प्लास्टिकच्या डब्यापेक्षा लवकर काम होतं. तरी ६ ते ८ तास धरा. दिवसभर फ्रीजची उघडझाप आणि मधूनच जाणारी वीज लक्षात घेऊन ताटली रात्री ठेवणं बरं.

मिक्सरचं भांडंही अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा. गरम भांड्यात गोठलेल्या फोडी कडेने वितळतात आणि पाणी सुटतं. आता फोडी भांड्यात घाला आणि पाच-पाच सेकंद फिरवून थांबा. प्रत्येक वेळी उलथण्याने कडेचं मधे ढकला. सुरुवातीला भुसा झाल्यासारखं दिसेल. इथेच बहुतेक जण घाबरून दूध ओततात आणि आइस्क्रीमचं मिल्कशेक होतं. दूध घालू नका. चक्का, साखर, मीठ घालून आणखी सहा-सात वेळा फिरवा. भुसा एकदम गोळा होऊन चकचकीत होतो. मिक्सर सलग चालवला तर मोटर तापते आणि ती उष्णता थेट आइस्क्रीममध्ये उतरते.

तेव्हाच वाढलं तर मऊसूत लागतं. गोळे काढायचे असतील तर दोन तास परत गोठवा. रात्रभर राहिलं तर कडक होतं, पण आपल्या मे महिन्यात ओट्यावर चार-पाच मिनिटं पुरतात.

आम्रखंड, कमी साखरेचं

घरचं आम्रखंड पातळ का होतं? दोन कारणं. चक्क्यात साखर घातली की साखर चक्क्यातलं पाणी ओढून बाहेर काढते. वर कच्चा रस घातला की त्याचं पाणी मिळतं. मग घट्ट करायला लोक क्रीम किंवा मिल्क पावडर घालतात. उपाय एकच, साखर चक्क्यात न घालता रसात घालायची आणि रस आटवायचा.

गायीचं १ लिटर दूध कोमट करून विरजा. मेमध्ये ३ ते ४ तासांत दही लागतं. लागलं की लगेच फ्रीजमध्ये ठेवा, एक तास जास्त राहिलं तरी आंबट होतं. हेच कारण चक्का बाहेर न टांगण्याचं. खुंटीला पुरचुंडी बांधायची रीत हिवाळ्यात ठीक, ४२ अंशांच्या स्वयंपाकघरात चक्का पाणी गळण्याआधीच आंबतो. चाळणीत धुतलेला पंचा अंथरा, खाली पातेलं ठेवा, दही ओतून पंचा गुंडाळा, वर पाण्याने भरलेला लहान डबा ठेवा आणि सगळं फ्रीजमध्ये सरकवा. ८ तासांत ३०० ते ३५० ग्रॅम चक्का मिळतो. खालचं पाणी फेकू नका, कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीचं पीठ त्यात मळलं तर भाकरीला छान आंबूस चव येते.

४०० ग्रॅम केशरचा गर आणि ६० ते ८० ग्रॅम साखर जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर १२ ते १५ मिनिटं ढवळत आटवा. गर २५० ग्रॅमवर आला पाहिजे. वजनकाटा नसेल तर उलथण्याने तळाशी रेघ ओढा, ती दोन सेकंद मिटली नाही की झालं. पूर्ण गार करा. कोमट गर चक्क्यात घातला तर चक्का सैल पडतो. चक्का आधी एकट्यालाच चाळणीतून घासून घ्या, मग गर तीन भागांत मिसळा. मिक्सर किंवा बीटर लावू नका, चक्क्याची बांधणी मोडते. वेलची अगदी चिमूटभर. केशरकाडी नकोच, चांगल्या आंब्याला तिची गरज नसते.

आटवण्याचा आणखी एक फायदा आहे. न शिजवलेला आंब्याचा रस दह्यात रात्रभर राहिला की दुसऱ्या दिवशी कडवट लागू लागतो. शिजवलेल्या रसाचं आम्रखंड फ्रीजमध्ये तीन दिवस चवीला जसंच्या तसं राहतं.

चायना ग्रासच्या वड्या

यात दूधही नाही, साय तर नाहीच. जिलेटिन आपल्याकडे उन्हाळ्यात कुचकामी आहे, ते ३०-३५ अंशांना वितळायला लागतं. पाहुण्यांपुढे बशी ठेवेपर्यंत वडीचं सरबत होतं. चायना ग्रास समुद्री शेवाळाचं. एकदा घट्ट झालं की सुमारे ८५ अंशांपर्यंत वितळत नाही, त्यामुळे अंगणातल्या जेवणालाही वड्या उभ्या राहतात. अडचण उलट बाजूला आहे. ते ३५ ते ४० अंशांच्या आसपास घट्ट होतं आणि दुपारची खोलीच त्याहून गरम असते. ओट्यावर तासन्‌तास ठेवलं तरी ते जमणार नाही. फ्रीजमध्ये तासाभरात जमतं.

गावरान आंब्याचा गाळलेला रस ४०० ग्रॅम, पाणी २५० मिली, साखर ५० ग्रॅम, चायना ग्रासची पूड ६ ग्रॅम. वाटीत चमच्याने खायचं असेल तर ४ ग्रॅम पुरे. पूड गार पाण्यात दहा मिनिटं भिजवा, मग उकळी आणून दोन-तीन मिनिटं उकळत ठेवा. चमच्याच्या पाठीवर दाणे दिसले तर अजून उकळा. अर्धवट विरघळलेली पूड कधीच नीट जमत नाही. साखर घालून विरघळवा, गॅस बंद करा आणि मगच रस घाला. रस पाण्याबरोबर उकळला तर त्याच्या आंबटपणाने चायना ग्रासची पकड कमी होते. रस फ्रीजमधून काढलेला थंडगार नको, नाहीतर जिथे पडेल तिथे गाठी होतात. भराभर ढवळून ताटात ओता. वड्या त्याच दिवशी संपवा. दुसऱ्या दिवशी त्यांना पाणी सुटतं.

दादरच्या पिठाची आंबा-खीर

फिरनीला तांदूळ लागतो, पण दादर ज्वारीच्या पिठाने तीच दाट, रेशमी खीर होते आणि भाजलेल्या ज्वारीचा वास आंब्याबरोबर फार चांगला जमतो. २५ ग्रॅम पीठ मंद आचेवर वास सुटेपर्यंत कोरडं भाजा, गार झाल्यावर १०० मिली गार दुधात कालवा. ४०० मिली दूध उकळलं की हे ओतून सतत ढवळत ८ ते १० मिनिटं शिजवा. कमी शिजलं तर कच्चं पीठ जिभेला लागतं. ३० ग्रॅम साखर घाला. गार झाल्यावर खीर आणखी घट्ट होते, तेव्हा किंचित पातळच उतरवा. २०० ग्रॅम आंब्याचा गर खीर पूर्ण गार झाल्यावरच मिसळा. गरम दूध थोड्या आंबटपणानेही फाटतं, गार दूध तेवढं सोसतं.

हलका पदार्थ म्हणजे बिनसाखरेचा नव्हे. आंब्याच्या १०० ग्रॅम गरात स्वतःचीच १३-१४ ग्रॅम साखर असते. मधुमेह असलेल्यांनी वाटी लहान घ्यावी आणि वरची साखर पूर्ण वगळावी; पूर्ण पिकलेला केशर असेल तर खिरीत तिची उणीव जाणवतही नाही.

वीज गेली तर

वरच्या केळी-आंब्याच्या मिश्रणासाठी फोडी न गोठवता सगळं एकत्र वाटून घ्या आणि झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरा, डबा पाऊण भागच भरा. बादलीत ३ किलो फोडलेला बर्फ आणि १ किलो खडे मीठ थरांनी घाला, मधे डबा ठेवा, वर जाड गोणपाट. मीठ मिसळलेल्या बर्फाचं तापमान शून्याच्या बरंच खाली, उणे १५ अंशांपलीकडे जातं. दर दहा मिनिटांनी डबा गोल फिरवा आणि झाकण उघडून कडेला जमलेलं मधे खरवडा. खरवडलं नाही तर बाहेर दगड आणि मधे रस राहतो. झाकण उघडण्याआधी ते पुसून घ्या, खारट पाण्याचा एक थेंब आत गेला तरी चव बिघडते. पाऊण ते एक तासात जमतं. बर्फ वितळून पाणी वाढलं तरी ते काढू नका, डब्याभोवती तेच गारठा पोचवतं. फक्त ते झाकणाच्या खाली राहील एवढं बघा.