चोक काढला की ट्रॅक्टर बंद

ओहायोत घर घेतलं तेव्हा आधीच्या मालकाने गवत कापायचा बसून चालवायचा ट्रॅक्टर तसाच सोडलेला, सिंगल सिलिंडर, जुनाच. दोन सीझन नीट चालला. यंदा एप्रिलमध्ये काढला तर चोकवर चालू व्हायचा आणि चोक काढला की ठप्प. आधी प्लग बदलला, मग बॅटरीवर संशय घेतला (उगाच, स्टार्टर मस्त फिरत होता). चोक हवा अडवतो, त्यामुळे मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढतं; म्हणून फक्त चोकवर चालतो म्हणजे पेट्रोल कमी पडतंय हे डोक्यात शिरायला दोन दिवस गेले.

माझ्या कार्बोरेटरच्या (हवा-पेट्रोल मिसळणारा भाग) वाटीखाली फ्युएल सोलेनॉइड आहे, म्हणजे विजेवर उघडणारी पेट्रोलची झडप, चावी ऑन केली की टक् आवाज येतो. तो येत होता, म्हणजे गडबड पुढे. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, टाकीकडून येणारी नळी चिमट्याने दाबली, वाटी उतरवली तर आत चिकट थर, तुपाच्या जुन्या बरणीच्या तळासारखा! इथल्या पेट्रोलमध्ये साधारण 10 टक्के इथेनॉल असतं, ते पाणी ओढून घेतं आणि मी ऑक्टोबरपासून टाकी तशीच भरून ठेवलेली, चूक माझीच. मेन जेटमधून (पेट्रोल जायचं बारीक भोक) तांब्याची बारीक तार फिरवली (स्टीलची नको, जेट पितळेचा असतो, भोक खराब होतं), कार्ब क्लीनर मारला, फिल्टर नवा, पेट्रोल ताजं. दुसऱ्या सेल्फला चालू, चोक काढला तरी चालूच.

यंदा थंडीआधी नळी दाबून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवणार आहे.

अर्धं गवत कापलं आणि पाऊस आला.